सोळा लाखांची किती सालं

पैसे मागायला आलेल्या माणसाचं मला काही वाटत नाही. त्याचं काम उघड असतं. पैसे द्यायला आलेल्या माणसाला मात्र मी आधी पाणी देतो, मग बसवतो, आणि तो घरात काय काय पाहतो ते पाहत राहतो.

तो एजंट जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आला तेव्हा उन्हाळा नुकताच लागला होता. तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट. आमच्या गल्लीत दिवसभर पोत्यांच्या हातगाड्या आणि रिक्षा चालतात, धूळ खाली बसत नाही. तरी त्याचे बूट पांढरेच होते. गाडी कुठं लावली म्हणून विचारलं तर म्हणाला, "थोडी लांबच लावली, काका." लांब का लावली, ते सांगितलं नाही.

चहा झाल्यावर त्यानं आमचंच आम्हाला ऐकवलं. कुंभार पिंपळगावाजवळची आमची चार एकर बरड जमीन सोलर कंपनीला अठ्ठावीस वर्षांच्या भाड्यानं दिलेली आहे. सहा वर्षं झाली, बावीस राहिली. यंदाचं भाडं एक लाख ऐंशी हजार येणार. पुढं दरसाल तीन टक्के वाढ. सगळं बरोबर होतं, आणि तेच मला आवडलं नाही.

"बावीस वर्षं वाट कशाला बघायची?" तो म्हणाला. "आमची पार्टी तुम्हाला सोळा लाख एकरकमी देते. पुढचं भाडं पार्टी घेईल. जमीन तुमचीच राहते. घाई नाही, काका. घरात बोलून घ्या."

पैसे द्यायला आलेला माणूस 'घाई नाही' म्हणाला की मला घाई सुटते. तो गेल्यावर मी बायकोला विचारलं, "काय वाटतं?"

"अहो, तुम्हाला काय वाटतं ते तुमच्या तोंडावर दिसतंय," ती म्हणाली. "बिचाऱ्याला दुसरा कप तरी विचारायचा."

आता ही जमीन काय आहे ते सांगतो. वडिलांनंतर आम्हा दोघा भावांच्या नावावर आली. काळी जमीन मोठा भाऊ कसतो; त्याला मी दादा म्हणतो. ही चार एकर बरड मात्र नुसती मुरमाची. तिच्यात कधी बाजरीसुद्धा धड आली नाही. कंपनीनं ती भाड्यानं मागितली तेव्हा आम्ही एका बैठकीत हो म्हटलं. भाडं निम्मं दादाचं, निम्मं माझं. मी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत दुकानात सव्वीस वर्षं हिशेब लिहितो. खासगी नोकरी, पेन्शन नाही. हात थांबले की हे निम्मं भाडं हीच माझी पेन्शन, असं मी मनात धरून ठेवलेलं. तेव्हा सोळा लाख घ्यायचे की नाही हा माझ्यासाठी साधा व्यवहार नव्हता. म्हातारपणी दर महिन्याला कोणाकडे हात पसरायचा की नाही, एवढा तो प्रश्न होता.

रात्रीचं जेवण होण्याआधी मी बेरीज केली. बावीस वर्षांचं वाढीव भाडं एकत्र धरलं तर पंचावन्न लाखांच्या जवळ जातं. पंचावन्नाचे सोळा! मला वाटलं, चोर पकडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेठजींना आकडा सांगितला. शेठजींचं घराणं चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून इथं आलं. घरात कुठली भाषा बोलतात ते मला माहीत नाही, दुकानात मराठी बोलतात, आणि व्याज अजूनही शेकड्यानं मोजतात. रुपया शेकडा म्हणजे शंभराला महिन्याचा एक रुपया, सालाचे बारा टक्के. आमच्या बाजारात जुन्या ओळखीच्या माणसाला मिळणारा हा भाव.

"पचपन कसे काढले?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या सालांची बेरीज."

"म्हणजे बाविसाव्या सालचा रुपया आणि आजचा रुपया एकाच भावानं धरला? सव्वीस साल माझ्यासमोर बसून हे शिकला तू? चहा सांग, आणि परत बस हिशेबाला."

मी परत बसलो. शेवटच्या वर्षी जे भाडं येईल ते तीन लाख चौतीस हजारांच्या वर आहे. ऐकायला मोठं. पण बँकेतल्या ठेवीच्या सात टक्क्यांनी मागं आणलं तर आज त्याची किंमत पंचाहत्तर हजार, आणि रुपया शेकड्यानं आणलं तर अठ्ठावीस हजारांच्याही आत. असं एकेक साल मागं आणून बेरीज केली. बँकेच्या दरानं साडेपंचवीस लाख. रुपया शेकड्यानं सोळा लाख ऐंशी हजार.

शेठजींनी चष्मा वर केला. "बघ. लबाडी न्हाई, व्याज आहे. तो रुपया शेकड्याच्या जरा वर कमवून राह्यला. मी असतो तर मीही सोळाच म्हटलो असतो."

"पण बँकेच्या हिशेबानं साडेनऊ लाख कमी देतोय. ते कशाचे?"

"कंपनी बावीस साल टिकेल, दरसाल बराबर भाडं टाकेल, याची हमी तू देतो का? तू न्हाई देत. मंग ती हमी तो स्वतःच्या डोक्यावर घेऊन राह्यला. त्याचे पैसे."

खरं सांगायचं तर मी थोडा हिरमुसलो होतो. चोर पकडला असं वाटलं होतं आणि निघालं नुसतं व्याज. पण एक गोष्ट उरलीच होती. कंपनी आमचं भाडं वाटत हिंडत नाही. तो आकडा मला माहीत आणि दादाला माहीत. मग पांढऱ्या बुटांना कोणी सांगितला?

दादाला फोन लावला. एजंट म्हटल्यावर त्यानं आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, "तू ये रविवारी. मंग बोलू. आन् बिलकुल हिशेब करत बसू नको आधी."

माझ्या भावानं मला हिशेब करू नको म्हणून सांगण्याची ही पहिली वेळ. त्या आठवड्यात मी नको नको ते मनात आणलं. दादाला त्यात दलाली आहे का? वेगळं काही ठरलंय का? बायको म्हणाली, "सख्ख्या भावावर संशय घेताय." मी म्हटलं, "संशय नाही, चौकशी आहे." ती म्हणाली, "बरं, चौकशी करताना जेवून घ्या."

रविवारी बस तीर्थपुरीला थांबली तेव्हा चहाला उतरलो. टपरीवर गावाकडचा एक ओळखीचा शेतकरी भेटला. लांबूनच हात वर करून म्हणाला, "पेढे कुठं हायेत? तुमच्या दादानं विहिरीजवळचा एकर घेतला म्हणं! इसार झाला ना गुरुवारी."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. आमच्याकडे इसार चार माणसांत देतात, पेढा खातात, आणि मग शब्द फिरवायचा नाही अशी रीत आहे. देणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला. घेणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. कागद असो वा नसो.

घरी पोचलो ते तापूनच. दादा ओसरीवर बसला होता.

"इसार दिला?" मी चप्पल काढायच्या आत विचारलं. रागावलो की माझी भाषा गावाची होते. "पैसे कुठून आणले? मला न इचारता?"

"बस आधी. उन्हातून आला."

"दिला का न्हाई?"

"दिला. आन् घेतला बी," दादा म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या विहिरीला लागून शेजाऱ्याचा एक एकर आहे, काळा कुळकुळीत. वडिलांनी तो दोनदा मागितला होता, शेजाऱ्यानं दोनदा नाही म्हटलं. आता त्याला विकायचा होता, अकरा लाखांना. दादाला तिथं मोसंबी लावायची होती. दादाकडं साठवलेले तीन लाख होते, आठ कमी पडत होते. दिवाळीला पारावर गप्पा मारताना दादानं स्वतःच त्या शेजाऱ्याला सोलरचं भाडं किती येतं, कितीनं वाढतं, सगळं सांगितलं होतं. त्यानं हा एजंट शोधून आणला. शेजाऱ्याला गिऱ्हाईक पाहिजे होतं, गिऱ्हाइकाकडं पैसे नव्हते, म्हणून त्यानं गिऱ्हाइकासाठी पैसेवाला आणला. माझं आठवडाभराचं कोडं असं एका वाक्यात संपलं.

गुरुवारी कुंभार पिंपळगावच्या हॉटेलात तिघं बसले, भोवती गावचे दहा जण. एजंटनं भाड्याच्या सौद्याचा इसार म्हणून एकावन्न हजारांची गड्डी दादाच्या हातात ठेवली. दादानं तीच गड्डी, न सोडता, एकराचा इसार म्हणून शेजाऱ्याच्या हातात ठेवली. एका गड्डीत दोन सौदे झाले. पेढेही एजंटनंच आणले होते.

"चार एकरावर माझं बी नाव हाय," मी म्हटलं. "माझ्या सहीबिगर सौदा व्हत न्हाई, म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. म्हणून तर तुला बोलावलं."

"आधी बोलवायचं व्हतं!"

"आधी बोलावलं असतं तं तू सहा महिने हिशेब करत बसला असता. तवर एकर दुसऱ्यानं नेला असता."

आतून वहिनी हसल्याचा आवाज आला. माझा राग आणखी वाढला. मी दादाला सगळं ऐकवलं: तुझ्या वाट्याला सोळातले आठ येऊन राह्यले, बँकेच्या हिशेबानं तुझ्या निम्म्या भाड्याचे पावणेतेरा लाख होतात, तू पावणेपाच लाख हॉटेलच्या टेबलावर सोडून आला. आणि जर आता नको म्हटलं तर एकावन्नाचे एक लाख दोन हजार.

"कागद कुठं हाय? डबल कशाला द्यायचा?" मी म्हटलं.

"दहा माणसं बसली व्हती."

"मोंढ्यात असं चालत न्हाई."

"तू मोंढ्यात राहतो. मला इथं राह्याचंय. उद्या कुणाचा बैल घेतला तं म्हणतील, ह्याचा इसार धरू नका."

तो बरोबर होता. मग तिथंच मनात आलेली गोष्ट मी बोललो. माझी नऊ लाखांची ठेव होती, सव्वीस वर्षांची. "मी देतो," मी म्हटलं. "आठ न्हाई, नऊ लाख. एजंटला सोड. एकर घे. तुझं निम्मं भाडं मंग माझ्याकडं येईल."

मला वाटलं होतं, दादाच्या डोळ्यांत पाणी येईल. एक लाख जास्त देत होतो, घरचा माणूस म्हणून.

दादानं तंबाखूची डबी उघडली, बंद केली. "किती साल?"

"बावीस. सगळी."

"म्हंजे तो आठ देऊन राह्यला, तू नऊ. मंग तुझ्यात न् त्याच्यात फरक काय?"

"एक लाखाचा," मी म्हटलं, आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावली.

"आत्ता तूच म्हटला ना, माझ्या वाट्याचे पावणेतेरा व्हतात? मंग वरचे पावणेचार लाख कुणाच्या खिशात?"

दादा माझ्या पायांकडं पाहत होता. म्हणजे निदान मला तसं वाटलं. मी एजंटच्या बुटांकडं जसं पाहिलं होतं तसंच. मला पटकन सांगता आलं असतं, की कंपनी बुडाली तर धोका माझा, हमीचे पैसे असतात, शेठजींनी समजावलंय. पण हेच एजंटही म्हणाला असता, आणि मी त्याला लबाड म्हटलं असतं. ज्या व्याजाला मी आठवडाभर शिव्या दिल्या, तेच मी भावाला लावत होतो, नऊ लाखांच्या वेष्टनात.

दादानं डबीतली तंबाखू मळायला घेतली. मग वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं.

"भावजी, बावीस सालं कशाला बांधता? सालं लावून घ्या ना. माझ्या भावानं लग्नाच्या वक्ताला न्हाई का रान लावून दिल्तं? सहा सालं घेणाऱ्यानं केलं, मंग आपसूक परत आलं. तुमच्या नऊ लाखाची जेवढी सालं व्हतील तेवढी तुम्ही घ्या. बाकीची आमची."

ही आमच्याकडची जुनी पद्धत. रोख पैसे घ्यायचे, आणि त्या बदल्यात रान ठरावीक सालं समोरच्याला कसायला द्यायचं. सालं सरली की रान मोकळं, परत एक पैसा द्यायचा नाही. मला ती लहानपणापासून माहीत होती. पण मी मोंढ्यात बसून किती लाखांना किती लाख एवढंच मोजत आलो होतो. किती लाखांना किती सालं, असं मोजलंच नव्हतं.

मोबाईल काढला. दादाचं निम्मं भाडं यंदाचे नव्वद हजार, पुढं तीन टक्क्यांनी वाढणारं. बँकेच्या सात टक्क्यांनी नऊ लाख फिटायला साडेतेरा वर्षं. रुपया शेकड्यानं मोजलं तर बावीस सालं संपूनही नऊ लाख फिटत नाहीत. एजंटच्या सौद्याचं खरं रूप तेव्हा मला दिसलं. चांगल्या दरानं जे दहा-बारा सालांत फिटलं असतं त्यासाठी तो बावीस सालं मागत होता. आणि मीही.

"साडेतेरा," मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "सोळा."

"का?"

"कंपनीचा भरवसा काय? बँकेच्या दोन टक्के वर धरले. मधीच बंद पडली तर माझे बुडाले, मी तुला मागायला येणार न्हाई."

"बँकेच्या बराबर धरलं तं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. मोबाईल माझ्या हातात होता. "साडेतेरा," मी म्हटलं.

"मंग चौदा."

"दादा, धोका सगळा माझा."

"चौदाच."

"पंधरा."

दादानं वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी हातावरचं पीठ झटकलं आणि आत गेल्या. त्याचा अर्थ पंधरा असा होता. पंधरा सालं भाडं माझं, पुढची सात त्यांच्या घरी परत. माझी ठेव बँकेतून निघून सोलरच्या पत्र्याखाली गेली, पण सव्वाआठ टक्क्यांच्या आसपासनं. पेन्शन राहिली, थोडी वाढलीच. तेवढ्यासाठी मला भावाशी कापसाच्या बोलीसारखी घासाघीस करावी लागली, आणि ती दोघांनीही मनापासून केली.

पुढच्या गुरुवारी त्याच हॉटेलात एजंटला बोलावलं. दादानं एक लाख दोन हजार त्याच्यासमोर ठेवले, भोवती तीच दहा माणसं. एजंटनं अर्धे उचलले आणि अर्धे परत सारले.

"दुप्पट नको, काका. तुमच्या भावाच्या होकारासाठी थांबायला पाहिजे होतं, चूक माझीपण आहे. कधी मन बदललं तर नंबर आहेच."

दादा परत येताना म्हणाला, "चांगला पोरगा हाय."

मला तेवढं पटलं नाही. एकावन्न हजार समोर असताना हात न लावणारा माणूस आपल्याला इथं पुन्हा यायचंय हे धरून चालतो. आसपासच्या गावांत सोलरची शंभरेक एकर तरी असेल, आणि दहा माणसांसमोर चांगला ठरण्याला त्याच्या धंद्यात काय भाव आहे, तो मला अजून काढता आलेला नाही. त्या दिवशीही बूट पांढरेच होते.

शेजाऱ्याचा एकर दादाच्या नावावर झाला. मग आम्ही दोघं पाचशेच्या बाँडवर पंधरा सालांचं लिहायला बसलो. खरं तर मला वाटलं होतं, भावाभावांत कशाला. दादाच म्हणाला, "तूच म्हणतो ना, कागदाबिगर काही न्हाई." त्यानं मसुदा दोनदा वाचून घेतला. सोळाव्या सालापासून भाडं त्याच्या घरी येईल ही ओळ त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावली. मला जरा लागलं. मग वाटलं, मी त्याच्या जागी असतो तर चौथ्यांदा वाचायला लावली असती.

पहिल्या सालाचं भाडं आलं त्या दिवशी मी दुकानात होतो. मी फोन करायच्या आधी दादाचा आला.

"आले का?"

"आले."

"वाढून आले का तितकेच आले? बघ बराबर. कंपनीचा भरवसा न्हाई."

"वाढ धरूनच. यंदाचे ठरलेत तेवढे आले, एक लाख ऐंशी."

"तसं न्हाई. बँकेचा मेसेज टाक मला."

मी मेसेजचा फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांनी परत फोन.

"दिसंना. मोठा करून टाक."